बसलेल्या इंजिनाची निगा

मंगल कार्यालयातला जनरेटर नेमका मुहूर्तालाच का रुसतो, हा प्रश्न आपल्याकडे पुष्कळांना पडलेला असेल. भटजींनी अंतरपाट धरलेला असतो, वीज जाते, मॅनेजर मागच्या बाजूला पळतो आणि पुढची दहा मिनिटं नुसती खरखर ऐकू येत राहते. चातुर्मासात लग्नं नसतात. त्यामुळे आषाढापासून कार्तिकापर्यंत त्या जनरेटरला कोणी हात लावलेला नसतो. बॅटरी उतरलेली असते, डिझेलमध्ये पाणी धरलेलं असतं, एखाद्या उंदराने वायर कुरतडलेली असते. उद्यमबागेतले एक जुने फिटर अशा वेळी एकच वाक्य बोलायचे, "निंत मशीन केडतैत्री." उभं राहिलेलं मशीन बिघडतं. आणि समोरचा मराठी असेल तर लगेच पुस्ती जोडायचे, "साहेब, चालत्या यंत्राला तेल लागतं, बसलेल्या यंत्राला डॉक्टर लागतो."

या वाक्याची आज आठवण व्हायचं कारण म्हणजे भोपाळहून आलेला एक फोन. माझी मावसबहीण लग्न होऊन भोपाळला गेली, त्याला आता तीस वर्षं झाली. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. हा शब्द मराठी की कानडी, या वादात आमच्या घरात कधी कोणी पडलं नाही. तिचं घर कोटरा सुलतानाबादमध्ये. भोपाळच्या नैऋत्येची ही वस्ती, नेहरू नगरला लागून. मॅनिट हे मोठं इंजिनिअरिंग कॉलेज तिथून जवळ. भावजी 'भेल'मधून निवृत्त झालेले. फोन केला होता भाच्याने. म्हणाला, "मामा, बाबांना नवीन गाडी घ्यायची आहे. एक फार वेगळी गाडी आहे. चालते विजेवर, पण पोटात छोटं रोटरी इंजिन आहे, फक्त बॅटरी भरायला. तुम्ही बाबांना समजावून सांगा ना."

आता त्यांना अशी गाडी का हवी, हे आधी सांगायला हवं. अक्काचं रोजचं फिरणं कोटऱ्यापासून बाजार, दवाखाना, देऊळ, फार तर पंचवीस किलोमीटर. एवढ्याला विजेची गाडी उत्तम. पण अक्काची आई, म्हणजे माझी मावशी, इथे टिळकवाडीत एकटी असते, वय ऐंशीच्या पुढे. गेल्या वर्षी तिला अचानक दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा गोवा एक्स्प्रेसचं तिकीट मिळेना. जुन्या गाडीने ते दोघे निघाले. भोपाळ ते बेळगाव अकराशे किलोमीटरच्या आसपास. अशा रात्री चार्जिंगचा खांब शोधत बसायची ताकद कोणाच्या अंगात असते? म्हणजे वर्षाचे तीनशे साठ दिवस पंचवीस किलोमीटर, आणि उरलेल्या चार-पाच दिवसांत जिवाच्या आकांताने अकराशे. भाच्याने सांगितलेली गाडी कागदावर तरी अगदी या घरासाठीच बनवल्यासारखी वाटते. शिवाय निवृत्तीच्या पैशातून घेतलेली गाडी भावजी पंधरा वर्षं तरी वापरणार. त्यामुळे प्रश्न एका गाडीपुरता राहत नाही. वर्षभर बसून राहिलेलं इंजिन त्या एका रात्री उठेल का, आणि नाही उठलं तर त्याला उठवणारा माणूस कुठे भेटेल, असा तो प्रश्न आहे.

अशा इंजिनाला रेंज एक्स्टेंडर म्हणतात. म्हणजे गाडीचा पल्ला वाढवणारं इंजिन. नाव नवं असलं तरी कल्पना आपल्या रोजच्या पाहण्यातली आहे. मिरजेहून लोंढ्याकडे वर्षानुवर्षं धावणारी डिझेलची रेल्वे इंजिनं आठवा. त्यातलं डिझेल इंजिन चाकांना जोडलेलंच नसतं. ते फक्त वीज तयार करणारं यंत्र फिरवतं, आणि ती वीज चाकांच्या आसांवर बसवलेल्या मोटारींना जाते. गाडी ओढतात त्या मोटारी. हुबळीच्या डिझेल शेडमध्ये काम केलेले कित्येकजण आपल्या वाचकांत असतील, त्यांना हे सांगायला नको. आणि गंमत म्हणजे, रेल्वे इंजिनांच्या या ट्रॅक्शन मोटारी बनतात भोपाळच्या भेलमध्ये. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सचा हा कारखाना अक्काच्या घरापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला. भावजींची हयात तिथे गेली. त्यामुळे त्यांना समजवायला मला एकच वाक्य लागलं, "तुमचं डिझेल लोको घ्या आणि मध्ये एक मोठी बॅटरी ठेवा."

म्हणजे असं, की गाडी सदैव मोटारीवर चालते. मोटार वीज घेते बॅटरीकडून. रात्री घरी प्लग लावून बॅटरी भरायची. लांबच्या प्रवासात बॅटरी उतरत आली की पोटातलं छोटं इंजिन सुरू होऊन वीज तयार करतं. चाकांशी त्याचा संबंध नाही. ही युक्ती जुनी आहे. फर्डिनांड पोर्श या तरुण इंजिनिअरने १९०० च्या सुमारास पेट्रोल इंजिनाने वीज करून चाकातल्या मोटारी फिरवणारी गाडी करून पाहिली होती.

आपल्याकडे 'हायब्रिड' म्हणून ज्या गाड्या दिसतात त्या बहुतेक वेगळ्या जातीच्या. बेंगळूरजवळ बिदडीला टोयोटा किर्लोस्करचा कारखाना आहे. किर्लोस्कर हे नाव तर आपल्या मातीतलं; लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, आणि त्यांचं सायकलचं दुकान बेळगावातलंच. तर या टोयोटा पद्धतीत इंजिन आणि मोटार दोघेही चाकं फिरवतात, कधी एकेकटे, कधी जोडीने. २०२२ मध्ये भारतात आलेली होंडा सिटीची हायब्रिड गाडी रेल्वेच्या पद्धतीला जास्त जवळची आहे. शहरात तिचं इंजिन वीज करतं आणि मोटार चाकं फिरवते. हमरस्त्यावर एका वेगात चालताना मात्र इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. या गाड्यांना प्लग लावायचा नसतो, आणि त्यांचं इंजिन रोजच थोडंथोडं चालतं. हा रोज चालण्याचा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

आता रोटरीकडे येऊ. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली जातो आणि क्रँक त्याचं गोल फिरण्यात रूपांतर करतो, शिलाई मशीनच्या पायट्यासारखं. रोटरी इंजिनात वर-खाली काही नाही. मधोमध किंचित आवळलेल्या, भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेसारख्या पोकळीत एक फुगीर बाजूंचा त्रिकोण फिरतो. त्याची तिन्ही टोकं सतत भिंतीला घासत जातात. त्यामुळे त्रिकोण आणि भिंत यांच्यात तीन खोल्या तयार होतात, आणि फिरता फिरता त्या लहान-मोठ्या होत राहतात. एक खोली पेट्रोल-हवा आत घेत असते, दुसरी दाबत असते किंवा पेटवत असते, तिसरी धूर बाहेर टाकत असते. त्रिकोणाचा एक फेरा होतो तेव्हा मधला दांडा तीन फेरे फिरतो. झडपा नाहीत, कनेक्टिंग रॉड नाही, धक्के जवळजवळ नाहीत. लहान जागेत, कमी वजनात बरीच ताकद मिळते.

हे इंजिन फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाच्या डोक्यातून निघालं. १९५७ मध्ये एनएसयू कंपनीत त्याचं पहिलं इंजिन फिरलं. डोळे अधू असल्यामुळे वांकेलने आयुष्यात कधी मोटार चालवण्याचा परवाना काढला नाही, असं सांगतात. एनएसयूची 'आरओ ८०' ही गाडी १९६७ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी तिला युरोपात वर्षातली सर्वोत्तम गाडी म्हणून मान मिळाला. पण त्रिकोणाच्या टोकांवरच्या पट्ट्या, ज्यांना एपेक्स सील म्हणतात, त्या लवकर झिजू लागल्या. कंपनीने इंजिनं बदलून देता देता तिजोरी रिकामी केली. दोन आरओ ८० रस्त्यात समोरासमोर आल्या की चालक बोटं वर करून दाखवायचे, आपलं कितवं इंजिन चालू आहे ते! १९६९ मध्ये एनएसयू दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

जपानच्या हिरोशिमातल्या माझ्दा कंपनीने मात्र हे इंजिन सोडलं नाही. केनइची यामामोतो यांच्या हाताखालच्या सत्तेचाळीस इंजिनिअरांनी या टोकपट्टीचा पिच्छा पुरवला. पट्ट्या थरथरून भिंतीवर जे ओरखडे पडायचे, त्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणाची पट्टी करून त्यांनी मार्ग काढला आणि १९६७ मध्ये 'कॉस्मो स्पोर्ट' बाजारात आली. १९९१ मध्ये माझ्दाच्या रोटरी गाडीने फ्रान्सची चोवीस तासांची ल मां शर्यत जिंकली. पण रोटरीची दोन व्यसनं सुटली नाहीत. एक पेट्रोलचं, दुसरं तेलाचं. जळणाची खोली लांबट आणि चपटी असल्यामुळे उष्णता भिंतींत वाया जाते, आणि पट्ट्यांना वंगण मिळावं म्हणून इंजिन मुद्दाम थोडं तेल जाळतं. धुराचे नियम कडक होत गेले आणि २०१२ मध्ये 'आरएक्स ८' ही शेवटची रोटरी गाडी बंद झाली.

अकरा वर्षांनी, २०२३ मध्ये, माझ्दाने हेच इंजिन परत आणलं, पण नव्या नोकरीवर. 'एमएक्स ३० आर-ईव्ही' या गाडीत ८३० सीसीचा एकच त्रिकोण आहे. तो ५५ किलोवॅट ताकद देतो आणि फक्त वीज तयार करतो. बॅटरी १७.८ युनिटची, तिच्यावर गाडी ८५ किलोमीटर जाते असा युरोपीय चाचणीचा आकडा आहे. पेट्रोलची टाकी ५० लिटरची. टोकपट्टीची जाडी दोन मिलिमीटरवरून अडीच केली, बाजूच्या लोखंडी भिंती ॲल्युमिनियमच्या केल्या, त्यामुळे पंधरा किलो वजन उतरलं. चाकाशी संबंध तुटल्यामुळे इंजिनाला चढ-उताराप्रमाणे सारखा वेग बदलावा लागत नाही, ते आपल्या सोयीच्या वेगात फिरू शकतं. आणि छोटं असल्यामुळे मोटार, जनरेटर आणि इंजिन बॉनेटखाली शेजारी शेजारी मावतात. तरुणपणी हूडपणा केलेला माणूस उतारवयात शांत कारकुनी करायला लागावा, तसं हे झालं.

हे सगळं जर्मनी-जपानचं, आपल्याला काय त्याचं, असं मनात आलं असेल तर थांबा. रोटरी इंजिन आपल्याकडेही बनलं आहे, तेही मराठी आणि कानडी मुलखांनी मिळून. लष्कराच्या टेहळणीसाठी डीआरडीओने 'निशांत' नावाचं वैमानिकाविना उडणारं विमान तयार केलं होतं. ट्रकवरच्या यंत्राने ते गोफणीसारखं फेकायचं आणि काम झालं की हवाई छत्रीने उतरवायचं. आधी त्याला परदेशी इंजिन होतं. मग अहमदनगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची, वाहन संशोधन संस्था व्हीआरडीई आणि बेंगळूरच्या एनएएल व एडीई या संस्था एकत्र आल्या आणि ५५ हॉर्सपॉवरचं देशी वांकेल इंजिन तयार झालं. ५ एप्रिल २००९ रोजी, रविवारी सकाळी, कोलारजवळ निशांत त्या इंजिनावर पहिल्यांदा उडालं आणि सुमारे पस्तीस मिनिटं आकाशात राहिलं. टेहळणीच्या विमानाला रोटरीच का? वजन कमी, आणि धक्के नसल्यामुळे कॅमेऱ्याचं चित्र हलत नाही, म्हणून. पुढे निशांत विमानं अपघातांत गेली आणि २०१५ मध्ये लष्कराने त्यांचा विषय संपवला. तरी नगरची मराठी आणि बेंगळूरची कानडी एका त्रिकोणात फिरली होती, हे आपण सीमेवरच्या माणसांनी विसरू नये. गोवा एक्स्प्रेस भोपाळहून बेळगावला येताना याच नगरवरून जाते.

आता मूळ प्रश्न, देखभालीचा. भाच्याचं म्हणणं होतं, "इंजिन वर्षातून चार दिवस चालणार, म्हणजे मेंटेनन्स काहीच नाही." नव्या पिढीचं हे गणित सरळ आहे, पण यंत्राचं गणित तसं नसतं. किलोमीटर वाढले नाहीत तरी दिवस वाढतातच.

इंजिन उभं राहिलं की भिंतींवरचं तेल हळूहळू खाली ओघळतं. हवेतली ओल आत जमते. अधूनमधून पाच मिनिटं सुरू करून बंद केलं तर आणखी वाईट. कारण जळणातून पाण्याची वाफ तयार होते, आणि इंजिन पुरतं तापलं नाही तर ती बाहेर न पडता तेलात मिसळते. म्हणून असल्या गाडीचं तेल किलोमीटरवर न बदलता तारखेवर बदलायचं, गाडीच्या पुस्तकात जितके महिने लिहिले असतील तितक्या महिन्यांनी, इंजिन चाललेलं असो वा नसो.

पेट्रोलही म्हातारं होतं. त्यातला हलका, चटकन पेटणारा भाग उडून जातो, उरलेलं जड होतं. त्यात २०२५ पासून देशभरच्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. आपला जिल्हा उसाचा, शेजारचं कोल्हापूर उसाचं. इथेनॉलचं महत्त्व आपल्याला सांगायला नको. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं, हा त्याचा स्वभाव आहे. रोज वापरात असलेल्या गाडीत काही बिघडत नाही, टाकी आठवड्याला नवी होते. सहा-आठ महिने तेच पेट्रोल टाकीत राहिलं तर मात्र काळजी घ्यावी लागते. गाडीच्या झाकणावर इ-२० लिहिलेलं आहे का ते पाहावं, टाकीत अर्धवट जुनं साठवून ठेवू नये, आणि दोन-तीन महिन्यांत एकदा तरी ते जाळून ताजं भरावं.

परदेशी कंपन्यांना हा धोका माहीत होता. २०१० ते २०१९ या काळात अमेरिकेत शेव्हर्ले व्होल्ट नावाची अशीच प्लगवाली गाडी निघत होती. तिचं इंजिन साधारण सहा आठवडे चाललं नाही तर गाडी स्वतःच ते थोडा वेळ चालवायची. टाकीतल्या पेट्रोलचं सरासरी वय वर्षाच्या वर गेलं की ते संपेपर्यंत इंजिन चालू ठेवायची. बीएमडब्ल्यूच्या 'आय ३' मध्ये स्कूटरच्या जातीचं ६४७ सीसीचं इंजिन होतं, तेही अधूनमधून आपणहून व्यायाम करून घ्यायचं. माझ्दाच्या गाडीत चालकाला 'चार्ज' नावाचा पर्याय आहे, तो निवडला की बॅटरी भरण्यासाठी इंजिन सुरू होतं. थोडक्यात काय, यंत्राला व्यायाम हवा हे कंपन्यांनीही मान्य केलं आहे.

बसून बिघडण्याचा हा नियम इंजिनापुरता नाही. विजेच्या गाडीत वेग कमी करताना मोटारच ब्रेकचं काम करते आणि वीज परत बॅटरीत घालते. त्यामुळे खरे ब्रेक फार कमी वापरले जातात, तबकड्यांवर गंज चढतो, कॅलिपर जाम होतात. आपल्या पावसात तर नक्कीच. वर्षातून एकदा ब्रेक उघडून साफ करून घ्यावेत. मोठ्या बॅटरीच्या जोडीला एक साधी बारा व्होल्टची बॅटरीही असते. ती उतरली तर कोट्यवधी रुपयांची गाडीसुद्धा दार उघडत नाही. आणि उंदीर! शेतातल्या, परसातल्या गाड्यांना उंदरांचा उपद्रव किती, हे आपण जाणतोच. नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसल्या तर मात्र त्यांना हात लावू नये, कोपऱ्यावरच्या ओळखीच्या मेस्त्रीलाही लावू देऊ नये. त्यांत शेकडो व्होल्टची वीज असते. ती बंद करूनच काम करायचं असतं, आणि त्याचं शिक्षण घेतलेला माणूसच लागतो.

रोटरीची म्हणून आणखी चार पथ्यं आहेत. पहिलं तेल. आपले फिटर म्हणायचे तसं, "मोदल एण्णी नोड्री," आधी तेल बघा. रोटरी तेल खाते तो तिचा आहार आहे, आजार नव्हे. पण म्हणूनच काडी वारंवार तपासायची, विशेषतः लांबच्या प्रवासात प्रत्येक टाकीला. दुसरं, थंड इंजिन सुरू करून लगेच बंद करायचं नाही. तसं केलं की जास्तीचं पेट्रोल भिंतीवरचं तेल धुऊन टाकतं, टोकपट्ट्या कोरड्या पडतात, दाब धरत नाही आणि पुढच्या वेळी इंजिन उठतच नाही. जुन्या आरएक्स गाड्यांच्या मालकांनी हे पुरेपूर भोगलं आहे. तिसरं, उष्णता. रोटरीची एक बाजू सदैव पेटती आणि दुसरी सदैव ताजी हवा घेणारी, त्यामुळे भिंत एकीकडे तापलेली तर दुसरीकडे गार राहते. कूलंट कमी झालं आणि काटा लालवर गेला तर आतले रबरी बंद फाटतात, आणि मग पूर्ण इंजिन उघडण्यावाचून इलाज नाही. चौथं, तपासणी. साध्या इंजिनाचा दाब मोजायचं मीटर रोटरीला चालत नाही. त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंचा दाब वेगवेगळा दाखवणारं खास मीटर लागतं.

आणि इथेच गाडी अडते. ते खास मीटर भोपाळमध्ये कोणाकडे आहे? धुळ्यात, पुण्यात, बेळगावात? माझ्दा भारतात गाड्या विकत नाही. त्यामुळे तिची सर्व्हिस सेंटरं नाहीत, सुटे भाग नाहीत, आणि ते इंजिन उघडून पाहिलेला मेस्त्री तर नाहीच नाही. भाच्याला कोणीतरी सांगितलं होतं की जपानमध्ये स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे असतं, तिथून गाडी मागवता येईल. येईलही, भरपूर कर भरून. पण खानदेशात रात्री दोन वाजता ती उभी राहिली तर तिच्याकडे बघत उभं राहण्यापलीकडे कोणी काही करू शकणार नाही. आपली जुनी डिझेल लोको तीस-तीस वर्षं धावली, ती नुसत्या यंत्राच्या गुणावर नव्हे. हुबळीला तिला उघडणारे हात होते आणि भोपाळला तिची मोटार बनवणारे हात होते. यंत्राचं आयुष्य त्याच्या मेस्त्रीच्या पत्त्यावर अवलंबून असतं.

म्हणून मी भावजींना सांगितलं ते असं. रोटरी अभ्यासाला सुंदर आहे, भाच्याने कॉलेजात तिच्यावर प्रकल्प जरूर करावा. घरासाठी गाडी घ्यायची तर जिचं इंजिन रोज थोडं चालतं अशी, भारतात मिळणारी हायब्रिड पाहावी. किंवा शहरापुरती छोटी विजेची गाडी घ्यावी आणि बेळगावसाठी दुसरी व्यवस्था ठरवून ठेवावी. आणि कोणतीही गाडी नक्की करण्याआधी तीन फोन करावेत. भोपाळ, पुणे आणि बेळगाव इथल्या सर्व्हिस सेंटरना. तिघांनाही एकच विचारायचं: हायब्रिडची बॅटरी आणि इंजिन उघडणारा शिकलेला माणूस तुमच्याकडे आहे का, आणि भाग किती दिवसांत येतो? भावजी थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "भेलमध्ये आम्ही मोटार बाहेर पाठवताना तिच्याबरोबर सुट्या भागांची यादी पाठवायचो. गाडी घेताना यादी मीच विसरत होतो." फोन ठेवता ठेवता अक्का एवढंच म्हणाली, "गाडी कुठलीही आणा, मला फक्त आईकडे वेळेवर पोचव म्हणावं."

पुढे-मागे प्लगवाल्या रेंज एक्स्टेंडर गाड्या आपल्याकडे आल्या, तर त्या घेणाऱ्यांसाठी एक साधी सोय सुचवतो. आपल्या भागात अमावास्येला गाडीची पूजा करायची, लिंबू-मिरची बदलायची पद्धत दोन्ही भाषांच्या घरांत आहे. तोच दिवस इंजिनाचा ठरवा. पूजा झाली की बॉनेट उघडा, तेलाची काडी पाहा, कूलंटची पातळी पाहा, उंदराच्या खुणा पाहा. मग इंजिन सुरू करून वीस-पंचवीस मिनिटं गाडी बाहेर फिरवून आणा, चांगली तापेपर्यंत. बंद गॅरेजमध्ये सुरू ठेवू नका, धूर जिवावर बेततो. वर्षाला बारा अमावास्या, बारा फेऱ्या. घरात परसात झाकून ठेवलेली जुनी स्कूटर असेल, शेतावर डिझेल पंप असेल, तर त्यांनाही हाच वार लावून द्या. लिंबू गाडीची दृष्ट काढतं म्हणतात, पण तेल आणि ताजं पेट्रोल आपणच पाहायचं असतं.